ठासणीच्या बंदुकीवरची दुर्बीण: युटातील हरणांच्या खास हंगामाचे प्रकरण

ठासणीची बंदूक आपल्याला नवी नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सीमेलगतच्या गावांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अशा बंदुका अजूनही काही घरांत आहेत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी ठासायची, एक बार काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे भरायला घ्यायचे. या हत्याराच्या मर्यादेवर अमेरिकेतल्या एका राज्याने शिकारीचा एक अख्खा हंगाम उभा केला. पुढे तीच मर्यादा सैल केली आणि काही वर्षांनी पुन्हा आवळली. त्या उलटसुलट निर्णयांचा हा अभ्यास आहे. राज्य आणि संस्था खऱ्या नावांनी दिल्या आहेत. बैठकांत बोललेल्या माणसांची नावे मुद्दाम टाळली आहेत, त्यांच्या भूमिका मात्र मांडल्या आहेत.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शौकाची शिकार संपली. त्यामुळे ‘हरीण कोणत्या हत्याराने मारावे’ हा प्रश्नच काहींना खटकेल. पण अमेरिकेत राज्य सरकारे शिकारीच्या परवान्यांतून वन्यजीव विभाग चालवतात. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय करही याच कामासाठी राज्यांकडे येतो. शिकार बंद करायची की नाही हा तिथला वाद नाही. मोजक्या हरणांची संधी किती लोकांत आणि कशी वाटायची, हा वाद आहे.

पार्श्वभूमी

युटा हे पश्चिमेकडचे कोरडे, डोंगराळ राज्य. तिथले मुख्य हरीण म्हणजे म्यूल डियर. खेचरासारख्या लांब कानांमुळे हे नाव पडले. उन्हाळ्यात ते उंच डोंगरावर असते आणि बर्फ पडू लागला की झुडपांच्या उतारांवर खाली येते.

राज्याचा वन्यजीव विभाग हरणांची मोजदाद करून प्रस्ताव तयार करतो. पाच प्रादेशिक सल्लागार परिषदा त्यावर जाहीर बैठका घेतात. तिथे कोणीही नागरिक उभा राहून बोलू शकतो. शेवटचा शब्द सात सदस्यांच्या वाइल्डलाइफ बोर्डाचा.

सर्वसाधारण हरीण-हंगामाचे तीन तुकडे आहेत. ऑगस्टच्या मध्यापासून धनुष्यबाणाचा, सप्टेंबरच्या अखेरीस ठासणीच्या बंदुकीचा आणि ऑक्टोबरमध्ये कोणत्याही कायदेशीर हत्याराचा, म्हणजे व्यवहारात रायफलीचा. परवान्यांची विभागणी ठरलेली: २० टक्के धनुष्य, २० टक्के ठासणी, ६० टक्के रायफल. परवाना सोडतीने मिळतो. नंबर लागला नाही तर प्राधान्याचा एक गुण जमा होतो, आणि मागणी जास्त असलेल्या भागांत माणूस असे गुण जमवत काही वर्षे थांबतो.

खास हंगाम का आहेत, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद तिथूनच निघतो. विस्कॉन्सिनने १९३४मध्ये धनुष्यबाणाचा वेगळा हंगाम सुरू केला. पेनसिल्व्हेनियाने १९७४मध्ये चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीचा केला आणि आजही त्या हंगामात चकमकीशिवाय दुसरी बंदूक चालत नाही. दोन्हीकडे सौदा एकच होता: तू कमजोर हत्यार घे, आम्ही तुला निवांत रान आणि वेगळे दिवस देतो. युटातल्या ठासणीवाल्याला रायफलीची गर्दी उसळण्याआधी, हरणे बिथरलेली नसताना रानात जायला मिळते. त्याने दिलेली किंमत म्हणजे एकच बार आणि थोडका पल्ला.

सौद्यातली पहिली बाजू हळूहळू बदलत गेली. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९मध्ये कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले. टोकांवरच्या चाकांमुळे पूर्ण ताणलेली दोरी धरून ठेवायला फारसे बळ लागेनासे झाले. १९८५मध्ये, पुन्हा मिसुरीतच, टोनी नाइट यांनी एमके-८५ नावाची ठासणीची बंदूक बाजारात आणली. जुन्या बंदुकीत ठिणगी बाजूने आत जायची. या बंदुकीत ठिणगी दारूच्या बरोबर मागे, नळीच्या रेषेत पडते. पुढे प्लॅस्टिकच्या वेष्टनातली टोकदार गोळी आली, सैल दारूऐवजी मापाच्या गोटीसारखे तुकडे आले. भरणे अजून तोंडातूनच, बार अजून एकच. पण जी बंदूक शंभर यार्डांच्या आत भरवशाची होती, ती दोनशे यार्डांपलीकडे जाऊ लागली.

अडचण

२०१६पर्यंत युटात ठासणीच्या हंगामात दुर्बीण चालायची ती फक्त एकपटीची, म्हणजे काहीच मोठे न दाखवणारी. २०१६पासून बोर्डाने मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणींना मुभा दिली. निर्णयामागची कारणे हलकी नव्हती. नेम चांगला तर जनावर जागीच पडते आणि जखमी होऊन निसटत नाही, हे एक. दुसरे वयाचे. नळीवरची मागची खाच, टोकाचा मणी आणि दूरचे हरीण या तिन्हींवर एकाच वेळी नजर ठरवणे चाळिशीनंतर अवघड होते. साठीनंतर अनेकांना ते जमतच नाही. आयुष्यभर शिकार केलेल्या माणसाला डोळ्यांपायी घरी बसवायचे का, हा प्रश्न बैठकीत कोणालाही निरुत्तर करणारा होता.

पुढची वर्षे हरणांना वाईट गेली. २०२० आणि २०२१मध्ये कडक दुष्काळ पडला. चारा वाळला की माद्या अशक्त होतात आणि पाडसे जगत नाहीत. मग २०२२-२३च्या हिवाळ्यात युटात विक्रमी बर्फ साठला, आणि उत्तरेकडच्या भागांत पाडसांची मोठी हानी झाली. विभागाला परवाने कमी करावे लागले आणि सोडतीची रांग आणखी लांबली.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण दोन्ही बाजूंनी ती वारंवार सुटते. दुर्बिणीमुळे हरणांची संख्या घटली नाही. सर्वसाधारण हंगामात मारले जातात ते नर. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. कळप वाढतो की आटतो, हे माद्या आणि पाडसे किती जगतात यावर ठरते, म्हणजे पाऊस, चारा, बर्फ, महामार्गावरच्या धडका आणि खालच्या उतारांवर उठणारी घरे यांवर. हत्याराच्या नियमाने यातले काहीच हलत नाही.

मग हत्याराने बदलते काय? नरांचे प्रमाण. युटात प्रत्येक भागासाठी हंगामानंतर दर १०० माद्यांमागे १५ ते १७ किंवा १८ ते २० नर राहावेत असे लक्ष्य असते. त्यावरून किती नर मारता येतील ते निघते, आणि तो आकडा यशाच्या प्रमाणाने भागला की परवाने किती द्यायचे ते कळते. समजा एका भागात ३०० नर मारण्यास वाव आहे. शंभरातले तीस शिकारी यशस्वी होत असतील तर हजार परवाने देता येतात. तेच प्रमाण चाळीसवर गेले तर साडेसातशेच. उरलेल्या अडीचशे माणसांनी त्या वर्षी घरी बसायचे. हत्यार सुधारते त्याचा फायदा परवाना असलेल्याला होतो, आणि त्याची किंमत नंबर न लागलेला माणूस भरतो. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म या एका भागाकारात आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला मार्ग काहीच न करण्याचा. दुर्बिणी राहू द्यायच्या आणि यश वाढेल तसे परवाने कापत जायचे. प्रशासनाला हे सर्वांत सोपे, कारण कोणाच्या हातातून काही काढून घ्यावे लागत नाही. पण मुलाला पहिल्यांदा रानात नेऊ पाहणाऱ्या बापाला सलग काही वर्षे नंबर लागला नाही, तर ते घर शिकारीपासून तुटते. विभागाचे उत्पन्नही त्याच माणसावर उभे आहे.

दुसरा मार्ग हंगामाचे दिवस कमी करण्याचा. दिसायला न्याय्य, पण दिवस घटले की गर्दी त्याच थोड्या दिवसांत कोंबली जाते. शिवाय मजुरीवर किंवा पाळीत काम करणाऱ्याला हव्या त्या दिवशी सुट्टी मिळत नाही. ज्याला कधीही निघता येते त्यालाच हा नियम परवडतो.

तिसरा मार्ग पूर्ण मागे जाण्याचा, पेनसिल्व्हेनियासारखा चकमकीपर्यंत. कोलोरॅडो मधल्या ठिकाणी थांबला आहे: तिथल्या ठासणीच्या हंगामात दुर्बीण नाही, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली गोळी नाही, दारूचे तयार तुकडेही नाहीत. या भूमिकेमागे भावना मोठी होती. युटाच्या मतदारांनी २०२०मध्ये शिकार आणि मासेमारीचा हक्क राज्यघटनेत घातला, त्यात ‘पारंपरिक पद्धती’ असा शब्दप्रयोग आहे. त्या शब्दावर बोट ठेवून हंगाम खऱ्या अर्थाने जुन्या हत्यारांचा करा, असे म्हणता येत होते. मला हा पर्याय मनापासून आवडतो, पण तो निवडणे त्या वेळी चुकीचे ठरले असते. हजारो लोकांकडे रेषेतल्या ठिणगीच्या बंदुका आधीच होत्या. एका मतदानाने त्या सगळ्या त्या हंगामापुरत्या निरुपयोगी करणे म्हणजे राज्याच्या नियमावर विश्वास ठेवून खरेदी केलेल्यांना शिक्षा.

चौथा मार्ग अंतराचा: दीडशे यार्डांपलीकडे गोळी झाडू नये, असा नियम. कागदावर हाच सर्वांत सरळ, कारण खरी तक्रार पल्ल्याचीच आहे. पण डोंगरात एकट्या माणसाने किती लांबून बार काढला हे कोण मोजणार? जो नियम तपासता येत नाही तो फक्त प्रामाणिक माणसाला बांधतो.

उरला दुर्बिणीवरचा नियम. चारपटीपर्यंत मुभा ठेवावी अशी मधली वाट काढता आली असती. पण पट बदलता येणारी दुर्बीण चारवर ठेवली होती की नऊवर, हे वनरक्षकाला नंतर कसे कळणार? एकपटीची अट मात्र रानात उभ्या उभ्या तपासता येते. दुर्बिणीत डोळा घातला की समजते.

हे सगळे ज्या हवेत चालू होते तीही ध्यानात घ्यावी. जानेवारी २०२२मध्ये याच बोर्डाने ३१ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात शिकारीसाठी झाडाला कॅमेरे बांधण्यावर बंदी आणली होती. तंत्रज्ञान कुठे थांबवायचे हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक बैठकीत होता, आणि पुढे त्यासाठी वेगळी समितीच नेमली गेली.

काय केले

समितीच्या शिफारशी परिषदांपुढे गेल्या, तिथून बोर्डाकडे. २०२३मध्ये बोर्डाने ठरवले की २०२४पासून ठासणीच्या हंगामात एकपटीपेक्षा मोठे दाखवणारी दुर्बीण चालणार नाही. उघडा नेम, छिद्रातून धरायचा नेम, लाल ठिपका दाखवणारे साधन आणि एकपटीची दुर्बीण चालेल. ज्यांच्या बंदुकीवर मोठी दुर्बीण आहे त्यांनी ती ऑक्टोबरमध्ये, कोणत्याही हत्याराच्या हंगामात, खुशाल वापरावी.

यातला लाल ठिपका मला फार महत्त्वाचा वाटतो. खाच, मणी आणि हरीण अशा तीन अंतरांवर नजर फिरवण्याची अडचण ठिपक्याने सुटते. ठिपका आणि हरीण एकाच पातळीवर स्पष्ट दिसतात. म्हणजे म्हातारपणीच्या डोळ्यांची जी तक्रार २०१६मध्ये सगळ्यांना पटली होती, तिचे उत्तर नऊपट मोठे दाखवण्यात नव्हतेच. ‘नीट दिसणे’ आणि ‘लांबचे मारणे’ हे दोन वेगळे प्रश्न होते. २०१६मध्ये ते एका मतात बांधले गेले, २०२३मध्ये सुटे झाले.

जखमी हरणांचा मुद्दा इतका सहज सुटत नाही. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे: शंभर यार्डांवर दुर्बिणीने मारलेली गोळी उघड्या नेमापेक्षा नक्कीच बरी बसते, तुम्ही दुर्बीण काढून क्रूरता वाढवत आहात. त्या अंतरापुरते हे खरे आहे. पण माणूस त्या अंतरावर थांबत नाही. नेम सुधारला की तो पुढच्या टेकडीवरचे हरीण बघू लागतो. ठासणीच्या गोळीचा वेग लवकर पडतो, वाऱ्याने ती सरकते, धुराने समोरचे दिसत नाही आणि दुसरी गोळी भरेपर्यंत जखमी जनावर झाडीत गेलेले असते. दोन्ही बाजू जनावराच्या वेदनेबद्दल कळकळीने बोलत होत्या. कमी पडत होते ते मोजमाप. मारलेले हरीण मोजता येते. झाडीत जाऊन मेलेले कोणी नोंदवत नाही.

परिणाम

२०२४चा ठासणीचा हंगाम नव्या अटीवर झाला. एका हंगामावरून यशाचे प्रमाण किती खाली आले हे ठरवू नये. बर्फ, पाऊस आणि आदल्या वर्षी जगलेली पाडसे यांनी एका वर्षाचा आकडा सहज हलतो. तीन-चार हंगामांची सरासरी हाती आल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

माणसांवरचा परिणाम लगेच दिसणारा होता. काहींनी शेकडो डॉलर घालून घेतलेली दुर्बीण काढून ठेवली. दोनशे यार्डांची सवय लागलेल्यांना वाऱ्याची दिशा बघून, पोटावर सरकत जवळ जाण्याची कला पुन्हा घोटावी लागली. या नियमाने खरे बदलते ते हेच.

निर्णयाच्या जागा आणि वेगळे काय करता आले असते

पहिली चूक २०१६ची, आणि ती दुर्बिणीला हो म्हणण्याची नव्हती. हो म्हणताना मुदत घातली नाही, ही चूक. पेनसिल्व्हेनियाने २००९मध्ये धनुष्याच्या हंगामात क्रॉसबोला (बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेल्या धनुष्याला) परवानगी दिली तेव्हा जून २०१२पर्यंतची मुदत घातली होती. तिथेही वाद कडवट होता. मुदत संपत आली तेव्हा हाती काही हंगामांचा अनुभव होता आणि परवानगी कायम झाली. ती नाकारली गेली असती तरी कोणाला फसवल्यासारखे वाटले नसते. युटात तशी अट असती तर दुर्बीण घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळले असते की हे कदाचित तीन-चार वर्षांपुरते आहे. दिलेली सवलत काढून घेण्याचा राग न देण्याच्या रागापेक्षा किती तरी मोठा असतो.

दुसरी गोष्ट: बैठकीला कोण येते? ज्याची दुर्बीण जाणार आहे तो शंभर मैल गाडी चालवत येतो. ज्याचा सोडतीत नंबर लागला नाही, त्याला आपले नुकसान दुर्बिणीशी जोडलेले आहे हे ठाऊकही नसते. विभागाने तो भागाकार, हजार आणि साडेसातशेचा, प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला फळ्यावर लिहिला असता तर चर्चा ‘माझी बंदूक, माझा हक्क’ यावरून ‘आपल्यातले किती जण रानात जाणार’ यावर लवकर आली असती.

तिसरी: निसटलेल्या हरणांची नोंद. परवाना घेतलेल्या प्रत्येकाला हंगामानंतर दोनच प्रश्न विचारावेत: गोळी लागून न सापडलेले जनावर होते का, आणि गोळी किती अंतरावरून झाडली. उत्तरे पूर्ण खरी येणार नाहीत, पण वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने विचारले तर कल नक्की दिसतो. २०१६पासून हे केले असते तर २०२३मध्ये दोन्ही बाजूंना अंदाजांवर भांडावे लागले नसते.

ज्यांची दृष्टी खरोखरच अधू आहे त्यांची वाट नियमातच, ठळक शब्दांत, पहिल्या दिवसापासून हवी होती. शरीराच्या वरच्या भागात अपंगत्व असलेल्यांना युटात धनुष्याच्या हंगामात परवानगी काढून क्रॉसबो वापरता येते. त्याच धर्तीवर दृष्टीची सोय ठळकपणे मांडली असती, तर म्हातारे शिकारी दुर्बिणीच्या बाजूची ढाल म्हणून उभे करता आले नसते.

शेवटचा मुद्दा ठासणीवाल्यांनी मांडलेला, आणि तो मला रास्त वाटतो. आमची दुर्बीण काढलीत, मग धनुष्याच्या हंगामातल्या चाकांचे काय? कंपाउंड धनुष्यही पारंपरिक नाही, आणि त्या हंगामाला तर ऑगस्टपासून जवळपास महिनाभर मिळतो. याला ‘धनुष्याचा पल्ला अजून थोडाच आहे’ हे उत्तर आजपुरते बरोबर आहे. पण ते पटवायचे असेल तर धनुष्याच्या हंगामातले यशाचे प्रमाण कुठवर गेल्यास त्या हत्याराचाही फेरविचार होईल, तो आकडा आत्ताच लिहून ठेवावा लागेल, वाद पेटण्याच्या आधी.